पाण्यातला चमचा, खिडकीतला चेहरा, रस्त्यावरचं खोटं पाणी : प्रकाशाबद्दल मला सारखे येणारे प्रश्न

इंदूरला मी दहावी ते बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते, आणि दर वर्षी प्रकाशाचा धडा सुरू झाला की फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात, मुलांचे येतात, त्यांच्या आयांचे येतात, कधी आजोबांचेही. इथली आपली मुलं शाळेत हे सगळं हिंदी नाहीतर इंग्रजीत शिकतात आणि घरी कोणी मराठीत "म्हणजे काय रे?" असं विचारलं की अडतात. म्हणून सगळी उत्तरं मराठीतच एका जागी लिहून ठेवलीत. सलग वाचायची गरज नाही, जिथे एक उत्तर दुसऱ्याला लागून आहे तिथे नंबर दिलाय.

१. मॅडम, रिफ्लेक्शन आणि रिफ्रॅक्शन यात मुलगा दर वेळी घोळ घालतो. एकदाच सोप्पं करून सांगा ना.

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थाच्या तोंडाशी आला की त्याचे दोन भाग होतात. एक भाग आल्या बाजूलाच परत फिरतो, ते परावर्तन (रिफ्लेक्शन). दुसरा भाग आत शिरतो आणि शिरताना दिशा बदलतो, ते अपवर्तन (रिफ्रॅक्शन). बहुतेक वेळा दोन्ही एकदमच होतात, हे मात्र पुस्तकात कुठे ठळक दिसत नाही, कारण आरशाचा धडा वेगळा आणि काचेच्या चिपेचा वेगळा. तलावाच्या काठी उभं राहा, पाण्यात आभाळ पण दिसतं आणि तळाचे दगड पण दिसतात. आभाळ परावर्तनामुळे दिसतं, दगड अपवर्तन होऊन.

२. पण वाकतोच का? सरळ जायला त्याला काय हरकत आहे?

वेग बदलतो म्हणून. पोकळीत प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो (नेमका आकडा २९,९७,९२,४५८ मीटर), पाण्यात साधारण सव्वादोन लाख किलोमीटर, साध्या काचेत २ लाख, आणि हिऱ्यात तर सव्वा लाखाच्याही किंचित खाली.

आता वेग कमी झाला म्हणून दिशा का बदलावी? गणपतीच्या मिरवणुकीतली लेझीमची रांग डोळ्यांसमोर आणा. दहा मुली खांद्याला खांदा लावून डांबरी रस्त्यावरून चालल्यात आणि पुढे चिखल आहे, पण चिखलाची कड तिरकी आहे. डाव्या टोकाची मुलगी आधी चिखलात जाते, तिची पावलं लहान पडायला लागतात, उजवीकडच्या अजून डांबरावरच आहेत आणि त्या भराभर पुढे येतायत, तर रांग आपोआप डावीकडे वळते, कोणी वळा म्हटलेलं नसताना. प्रकाशाची लाट अशीच एका बाजूने आधी मंदावते आणि म्हणून वळते. रांग चिखलाच्या कडेला समांतर असेल तर सगळ्या एकदमच मंदावतील आणि कोणी वळणार नाही, त्यावर प्रश्न ६ बघा.

३. कोन नेमका कुठून मोजायचा? माझे मार्क दर वेळी इथेच जातात.

पृष्ठभागापासून नाही मोजायचा! पृष्ठभागाला जिथे किरण टेकतो तिथे काटकोनात एक तुटक रेघ काढायची, तिला आपल्या मराठी पुस्तकांत स्तंभिका म्हणतात, हिंदीत अभिलंब, वर्गात सगळे नॉर्मल म्हणतात. सगळे कोन त्या रेघेपासून. किरण काढायच्या आधी ही रेघ काढायची सवय लावा, मी वहीत रेघ दिसली नाही तर पुढचं वाचतच नाही. "काचेला ३० अंशांचा कोन करून किरण येतो" असं वाक्य पेपरात आलं तर आपतन कोन (येणाऱ्या किरणाचा स्तंभिकेशी झालेला कोन) ६० अंशांचा झाला, ३० चा नाही.

४. अपवर्तनाचं सूत्र पाठ आहे पण त्याचा अर्थ काय? आणि ते शोधलं कोणी?

अपवर्तनांक म्हणजे पोकळीतल्या वेगाला त्या पदार्थातल्या वेगाने भागलं की येणारा आकडा. पाण्याचा १.३३, साध्या काचेचा १.५ च्या आसपास, हिऱ्याचा २.४२, आणि हवेचा १.०००३, म्हणजे जवळपास १ च, तरी तो ०.०००३ पुढे प्रश्न १३ आणि १४ मध्ये मोठं काम करणार आहे. नियम असा की अपवर्तनांक गुणिले त्या बाजूच्या कोनाची साइन, हा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा राहतो. करून बघा, हवेतून पाण्यात ४५ अंशांनी किरण आला, साइन ०.७०७, त्याला १.३३ ने भागलं की ०.५३, म्हणजे आत कोन ३२ अंश. स्तंभिकेच्या जवळ आला. पाण्यातून बाहेर येताना अगदी हाच रस्ता उलटा.

शोधाचं म्हणाल तर आपण स्नेलचं नाव घेतो, तो नेदरलँड्सचा, त्याने १६२१ च्या सुमाराला हा नियम मांडला, पण छापला नाही. फ्रान्सच्या देकार्तने १६३७ मध्ये छापला. आणि या दोघांच्या सहाशे वर्षं आधी, ९८४ च्या सुमाराला, बगदादच्या इब्न सहलने भिंगं कशी घासायची हे लिहिताना हाच नियम वापरलेला आहे. मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण एकाच माणसाच्या डोक्यात एका रात्रीत शोध लागतो हे खरं नसतं.

५. वाटीतलं नाणं पाणी ओतल्यावर वर आलेलं का दिसतं? आणि नदीचं पाणी उथळ दिसतं ते पण यामुळेच का?

हो, यामुळेच, आणि हे उत्तर जरा लांब होणार आहे कारण मला हे मनापासून सांगायचंय.

नाण्यावरून निघालेला किरण पाण्याबाहेर येताना स्तंभिकेपासून लांब वाकतो आणि मग डोळ्यात शिरतो. डोळ्याला (खरं तर मेंदूला) हे वळण कळत नाही. तो समजतो की किरण सरळच आलाय, म्हणून आलेल्या दिशेनेच मागे सरळ रेघ ओढतो आणि त्या रेघेवर नाणं आहे असं ठरवतो. ती जागा खऱ्या जागेच्या वर असते. या पानावरचे अर्धे प्रश्न या एका गोष्टीने सुटतात, प्रकाश वळतो आणि डोळा त्याला सरळच मानतो. चमचा मोडलेला दिसतो तोही यामुळेच, पाण्यातला त्याचा प्रत्येक भाग थोडा थोडा वर उचललेला दिसतो.

घरी करायचं असेल तर स्टीलच्या वाटीत नाणं ठेवा, नाणं कडेआड जाऊन दिसेनासं होईपर्यंत मागे सरका, आणि दुसऱ्या कोणाला हळूहळू पाणी ओतायला सांगा. नाणं हललेलं नसतं तरी उगवल्यासारखं वर येतं. मी पहिल्यांदा हे पितळी परातीत बघितलं, आईने करून दाखवलं होतं, आणि मी दोनदा परातीत हात घालून नाणं हललं तर नाही ना ते चाचपलं होतं.

आता नदीचं. अगदी वरून सरळ खाली बघितलं तर खोली खऱ्याच्या पाऊण दिसते, कारण १ भागिले १.३३. म्हणजे सहा फूट पाणी साडेचार फुटांचं दिसतं. सहा फुटांत माणूस बुडतो आणि साडेचार फुटांत उभा राहतो, फरक केवढा आहे बघा. त्यात आपण काठावर उभे असतो, सरळ खाली बघतच नाही, तिरकं बघतो, आणि जितकं तिरकं तितकं पाणी आणखी उथळ दिसतं. महेश्वरला घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरत जातात, तळची पायरी "ही काय इथेच" वाटते आणि पाय टाकला की ती तिथे नसते. चोरलला, पाताळपाण्याला पावसाळ्यात पिकनिकला जाता, मुलांना हे एकदा घरी वाटी-नाण्याने दाखवा, म्हणजे "दिसतंय की तळ, चल उतरू" म्हणताना हात थबकेल. स्वच्छ पाण्यात तर धोका जास्त, तळ जितका लख्ख दिसतो तितका माणूस बेसावध होतो.

६. काचेवर अगदी काटकोनात प्रकाश टाकला तर तो वाकत नाही. मग तिथे अपवर्तन झालंच नाही का?

वेग कमी झालाच, फक्त दिशा बदलली नाही, कारण लाटेची सगळी रांग एकदम आत गेली (प्रश्न २ मधला चिखल). म्हणून "अपवर्तन म्हणजे वाकणं" एवढंच पाठ करू नका, वेग बदलणं ही मूळ गोष्ट. खात्री हवी असेल तर काचेची जाड चीप छापील अक्षरांवर ठेवून बरोबर वरून बघा, अक्षरं चिपेच्या जाडीच्या एक तृतीयांश वर उचललेली दिसतील.

यालाच जोडून विचारतात की खिडकीच्या काचेतून तिरकं बघितलं तरी बाहेरचं झाड वाकडं का दिसत नाही. काचेत शिरताना किरण जेवढा वाकतो तेवढाच बाहेर पडताना उलटा वाकतो, म्हणून तो मूळ दिशेलाच समांतर निघतो, फक्त किंचित बाजूला सरकून. खिडकीची काच काही मिलिमीटरची, ते सरकणं कोणाच्या लक्षात येणार. पण जुन्या वाड्यांमधल्या काचा दोन्ही बाजूंनी सपाट नसतात, त्यांतून झाड लाटा आल्यासारखं दिसतं.

७. काचेत प्रकाश हळू होतो हे ठीक, पण बाहेर आल्यावर परत फास्ट कसा होतो? त्याला ढकलतं कोण?

कोणी ढकलत नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं मला नेहमी कौतुक वाटतं. आपण प्रकाशाला चेंडू समजतो, चेंडू चिखलात मंदावला की बाहेर आल्यावर मंदच राहणार. प्रकाश ही लाट आहे. काचेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन त्या लाटेने हलतात आणि स्वतः छोट्या लाटा सोडतात, मूळ लाट आणि या छोट्या लाटा मिळून जी एकत्र लाट बनते तिचा वेग कमी असतो. काच संपली की छोट्या लाटा सोडणारं तिथे कोणी उरत नाही, मग लाट आपल्या मूळ वेगाने जाते. वेग कमी झाला म्हणजे ऊर्जा गेली असंही नाही, प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा त्याच्या वारंवारतेवर (लाट सेकंदाला किती वेळा कंप पावते त्यावर) ठरते आणि वारंवारता तीच राहते.

८. तरंगलांबी (लाटेच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर) पाण्यात कमी होते म्हणतात, मग लाल स्विमसूट पाण्यात हिरवा का दिसत नाही?

रंग ठरतो वारंवारतेने, आणि ती बदलत नाही. शिवाय हवेतून आलेला प्रकाश असो की पाण्यातून, डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचताना तो डोळ्यातल्याच पाणेरी पदार्थातून जातो, म्हणजे शेवटी तरंगलांबी दोन्ही वेळा सारखीच होते. खूप खोल पाण्यात लाल काळपट दिसतो ते खरं, पण ते वेगळं प्रकरण, पाणी लाल प्रकाश शोषून घेतं.

९. दिवसा खिडकीतून बाहेरचं दिसतं, रात्री त्याच काचेत आपलाच चेहरा. काच बदलते का?

काच तीच. साध्या काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के पुढच्या पृष्ठभागावरून परततो आणि जवळपास तेवढाच मागच्यावरून, मिळून ८ च्या आसपास. दिवसा पण तुमच्या चेहऱ्याचा हा ८ टक्के परततच असतो, पण बाहेरचं ऊन इतकं जास्त की त्यात तो बुडून जातो. रात्री बाहेर अंधार, मग तो ८ टक्केच एकटा उरतो. खोलीतला दिवा बंद करा, लगेच बाहेरचं दिसेल. उलट बाजूने याचा अर्थ असा की रात्री दिवा लावून पडदा उघडा असेल तर तुम्हाला बाहेरचा माणूस दिसत नाही, त्याला तुम्ही स्वच्छ दिसता.

तिरकं बघाल तसा हा टक्का वाढत जातो. तलावाचं पाणी पायाशी पारदर्शक आणि लांबवर आरशासारखं दिसतं, ते यामुळे. सरळ खाली बघताना पाणी फक्त २ टक्के परत पाठवतं, फार तिरक्या नजरेला बहुतेक सगळं.

१०. कांच मंदिरात नात म्हणाली, "आजी, तू इतक्या कशा?" तिला काय सांगू? आणि आरसा डावं-उजवं उलटं करतो तर वर-खाली का नाही करत?

इतवारिया बाजारातलं कांच मंदिर, सेठ हुकुमचंदांनी बांधलेलं, भिंती, खांब, छत सगळीकडे काचकाम. तिथे काचेचा प्रत्येक तुकडा स्वतःपुरता छोटा आरसा आहे आणि प्रत्येकाचा कोन शेजारच्यापेक्षा जरासा वेगळा. नियम सगळ्यांना एकच, ज्या कोनाने किरण आला त्याच कोनाने स्तंभिकेच्या दुसऱ्या बाजूला जाणार. पण स्तंभिकाच प्रत्येक तुकड्याची वेगळी, म्हणून एका तुकड्यात आजीचं कपाळ, दुसऱ्यात कुंकू, तिसऱ्यात मागचा दिवा. नातीला तेवढंच सांगा, पुरे.

दोन आरसे समोरासमोर असले की ओळच्या ओळ दिसते. ती खरं तर संपायला नको, पण प्रत्येक वेळी थोडा प्रकाश गिळला जातो. आरसा ९० टक्के परत देतो असं धरलं तर दहा वेळा आपटून ३५ टक्के उरतो, वीस वेळा आपटून १२. म्हणून लांबच्या प्रतिमा अंधारत जातात, आणि बहुतेक आरशांत हिरवटही होत जातात, कारण साधा आरसा हिरवा प्रकाश बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त परत देतो.

डावं-उजवं म्हणाल तर आरसा ते उलटं करतच नाही. आरशासमोर उभं राहून उजवीकडच्या खिडकीकडे बोट दाखवा, आरशातलं बोटही त्याच खिडकीच्या बाजूला. वर दाखवा, तेही वर. आता आरशाकडे बोट करा, आतलं बोट तुमच्याकडे येतं. उलटं होतं ते पुढे-मागे. डावं-उजवं आपण मनात करतो, कारण समोरचा माणूस वळून उभा आहे असं आपण धरून चालतो.

११. पोहे-जलेबीचा कागद तेला-तुपाने पारदर्शक होतो. पाण्याने ओला झाला तर तितका होत नाही. असं का?

इंदूरचा खरा प्रश्न! कागद पांढरा दिसतो कारण तो बारीक धाग्यांचा आणि मधल्या हवेच्या पोकळ्यांचा बनलाय. धाग्याचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, हवेचा १, प्रत्येक धाग्याच्या कडेला प्रकाश थोडा परततो थोडा वाकतो, अशा हजारो कडा, शेवटी तो सगळीकडे विखुरतो आणि कागद अपारदर्शक दिसतो. तेल शिरलं की पोकळीत हवेऐवजी १.४७ वाला पदार्थ आला. धागा आणि तेल प्रकाशाला जवळजवळ एकच वाटतात, कडा पुसल्या गेल्या, प्रकाश सरळ पार. पाणी १.३३ वर आहे, धाग्यापासून जरा लांब, म्हणून काम अर्धवट होतं, आणि वर ते वाळूनही जातं.

मीठ, साखर, बर्फाच्या गोळ्याचा चुरा पांढरा दिसतो त्याचंही उत्तर हेच, खडा पारदर्शक असतो, चुऱ्याला कडा फार. ओलं कापड गडद दिसतं तेही इथूनच.

आणि एक प्रयोग, बोरोसिलिकेट काचेची छोटी परीक्षानळी ग्लिसरीनने भरलेल्या काचेच्या भांड्यात बुडवा, नळीच्या आतही ग्लिसरीन भरू द्या. दोघांचा अपवर्तनांक १.४७ च्या जवळ, नळी गायब होते. खाद्यतेलातही बऱ्यापैकी होते. आपल्याला पारदर्शक वस्तू दिसतात त्या फक्त त्यांच्या कडांवर प्रकाश वळतो-परततो म्हणून, वळणं थांबलं की वस्तू नजरेपुरती संपली.

१२. पूर्ण आंतरिक परावर्तन नक्की कधी होतं? फायबरमध्ये हेच असतं ना?

प्रकाश बाहेर न पडता सगळाच्या सगळा आत परततो ते पूर्ण आंतरिक परावर्तन. त्याला दोन अटी, प्रकाश जास्त अपवर्तनांकाकडून कमीकडे जात असायला हवा, आणि कोन क्रांतिक कोनापेक्षा (ज्या कोनाला बाहेर पडणारा किरण पृष्ठभागाला घासत जातो त्यापेक्षा) मोठा हवा. पाण्यातून हवेत येताना हा कोन ४८.६ अंश, काचेतून ४१.८, हिऱ्यातून फक्त २४.४. हवेतून पाण्यात जाताना हे कधीच होत नाही, पेपरात हा सापळा हमखास येतो.

बघायचं असेल तर काचेचा पेला पाण्याने भरा, हातात धरा आणि वरून पाण्याच्या पृष्ठभागातून तिरकं आतल्या भिंतीकडे बघा. भिंत चांदीसारखी चमकते आणि मागची बोटं दिसत नाहीत. आता बोटं ओली करून जोरात दाबा, बोटांच्या रेषा उमटलेल्या दिसतील. जिथे कातडी काचेला खरंच चिकटली तिथे पलीकडे हवा राहिली नाही, मग परावर्तन तुटलं. बोटांचे ठसे घेणारी काचेची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. अगदी चिकटायचीही गरज नसते, पूर्ण परावर्तनातही प्रकाशाची लाट तरंगलांबीएवढी पलीकडे डोकावते आणि तेवढ्या अंतरात काही आलं तर त्यात शिरते.

फायबर म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा बारीक तंतू. त्यात मधला गाभा आणि त्याच्या भोवतीचं आवरण, दोन्ही काचच, गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा जरासाच जास्त. किरण कडेला फार तिरका आपटतो म्हणून तेवढा फरक पुरतो. वाकवलेल्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेण्याचं काम पंजाबातल्या मोग्याला जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्याबरोबर लंडनमध्ये केलं, १९५४ मध्ये ते छापून आलं. काचेतल्या अशुद्धी काढल्या तर प्रकाश मैलोन्‌मैल जाईल हे चार्ल्स काओ यांनी दाखवलं, २००९ चं नोबेल त्यांना त्यासाठी. आणि हो, फायबरमध्ये प्रकाश २ लाखाच्याच वेगाने जातो, ६०० किलोमीटर लांब केबल असेल तर ३ मिलिसेकंद लागतात.

१३. मे महिन्यात बायपासवर गाडीपुढे पाणी साचल्यासारखं दिसतं. हे पूर्ण आंतरिक परावर्तनच का?

पुस्तकात तसंच लिहितात आणि पेपरात तसं लिहिलं तर मार्क मिळतील. पण हवेत काचेसारखी एक कड नसते. तापलेल्या डांबराला टेकलेली हवा सगळ्यात गरम, म्हणून विरळ, म्हणून तिचा अपवर्तनांक इवलासा कमी, वर जावं तसा वाढत जातो. आभाळाकडून फार तिरका खाली येणारा किरण या थरांतून हळूहळू वाकत जातो आणि रस्त्याला न टेकता परत वर वळून डोळ्यात येतो. डोळा सवयीप्रमाणे सरळ मागे रेघ ओढतो (प्रश्न ५) आणि रस्त्यावर आभाळाचा तुकडा दिसतो. रस्त्यावर आभाळ दिसलं की आपण म्हणतो पाणी. पुढे गेलं की ते पळतं, कारण तो फार तिरका कोन नेहमी लांबच जमतो.

१४. सूर्य मावळताना दिसतो तेव्हा तो आधीच मावळलेला असतो, हे खरं का?

खरं आहे. क्षितिजावरचा प्रकाश वातावरणात साधारण अर्धा अंश, नेमकं म्हणाल तर ३४ कला (एका अंशाच्या ६० कला) वाकतो आणि सूर्याची रुंदी आहे ३२ कला. म्हणजे खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते त्या वेळी हवा नसती तर अख्खा सूर्य खाली गेलेला असता. सकाळीही तसंच, म्हणून आपल्याकडे दिवस जवळपास पाच मिनिटं मोठा मिळतो. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, त्यामुळे तो चपटाही दिसतो. दुर्बिणीने मात्र सूर्याकडे बघू नका, मावळतानाही नको.

१५. इंद्रधनुष्य दुपारी बाराला का दिसत नाही? आणि दुसरं फिकट असतं त्याचे रंग उलटे का?

थेंबात प्रकाश शिरताना वाकतो, मागच्या भिंतीवरून परततो, निघताना पुन्हा वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक लाल रंगासाठी १.३३१, जांभळ्यासाठी १.३४३, म्हणून रंग सुटे होतात. सगळं मिळून लाल रंग सूर्याच्या बरोबर उलट्या दिशेपासून ४२ अंशांवर एकवटतो. सूर्य ४२ अंशांपेक्षा वर असला तर ती कमान जमिनीखाली जाते. जुलैत इंदूरला चार वाजून गेले की पूर्वेकडे बघायला लागा, पाठीवर ऊन आणि समोर सर हवी. दुसरं धनुष्य थेंबात दोनदा आपटून आलेल्या प्रकाशाचं, ते ५१ अंशांच्या आसपास, एक आपटणं जास्त म्हणून क्रम उलटा आणि प्रकाश कमी. दोघांमधलं आभाळ जरा काळवंडलेलं असतं, पुढच्या वेळी आठवणीने बघा.

१६. सराफ्यात कोणीतरी सांगितलं की खरा हिरा पाण्यात टाकला की दिसेनासा होतो. खरं का?

नाही, आणि कृपा करून या भरवशावर पैसे देऊ नका. दिसेनासं व्हायला दोघांचे अपवर्तनांक सारखे लागतात (प्रश्न ११), हिरा २.४२ आणि पाणी १.३३, फार अंतर. हिरा चमकतो कारण क्रांतिक कोन फक्त २४.४ अंश, आत शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवरून पुन्हा पुन्हा परतून वरच बाहेर येतो. म्हणून मागच्या बाजूला मळ बसला की चमक जाते, अंगठी धुवून बघा. पण रंगीत झिलई जास्त म्हणजे खरा असंही नाही, क्युबिक झिरकोनिया हा नकली हिरा रंग हिऱ्यापेक्षा जास्त फोडतो. मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यात प्रकाशाचे दोन किरण होतात, तिरकं भिंगातून बघितलं तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात त्या एकेरी. शेवटी प्रयोगशाळेचं सर्टिफिकेट मागा.

१७. पाण्याखाली डोळे उघडले की धूसर, गॉगल लावला की स्वच्छ. नंबर बदलतो का?

डोळ्याचं वाकवण्याचं मुख्य काम बुबुळापुढचा पारदर्शक पडदा करतो, आतल्या भिंगापेक्षा जास्त. त्याचा अपवर्तनांक १.३७६. पुढे हवा असली की फरक मोठा, पाणी असलं की १.३३ आणि १.३७६, फरक जवळजवळ संपला, वाकणंही संपलं. गॉगल डोळ्यापुढे हवा परत आणून देतो, एवढंच.

पोलरॉइड गॉगलचं पण विचारतात. पाण्यावरून साधारण ५३ अंशांनी परतलेला प्रकाश एकाच दिशेत, आडवा कंप पावणारा असतो, काचेसाठी हा कोन ५६. गॉगल आडवा कंप अडवतो, म्हणून ओल्या रस्त्याची चकाकी जाते. मान तिरकी केली की चकाकी परत येते, खरा-खोटा गॉगल असा ओळखा.

१८. मॅडम, अपवर्तनांक १ पेक्षा कमी असूच शकत नाही ना? मग आमच्या सरांनी एक्स-रेचं काहीतरी वेगळंच सांगितलं.

सरांनी बरोबर सांगितलं. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशासाठी काच, पाणी, हिरा सगळे १ च्या वर. पण एक्स-किरणांसाठी बहुतेक पदार्थांचा अपवर्तनांक १ पेक्षा अगदी किंचित कमी असतो, लाखात एक भाग किंवा त्याहूनही कमी. म्हणजे वेग पोकळीतल्या प्रकाशापेक्षा जास्त, पण त्याहून वेगाने काही जात नाही हा आईन्स्टाइनचा नियम यात मोडत नाही, कारण वेगवान असते ती लाटेच्या उंचवट्यांची चाल, त्यावरून निरोप पाठवता येत नाही.

यामुळे सगळं उलटं होतं. एक्स-किरणांच्या दृष्टीने हवा किंवा पोकळी 'घन' (जास्त अपवर्तनांकाची) आणि धातू 'विरळ' (कमी अपवर्तनांकाचा), म्हणून पूर्ण परावर्तन बाहेरच्या बाजूने होतं, तेही किरण आरशाला जवळजवळ घासत गेला तरच, पृष्ठभागाशी एका अंशाहूनही कमी कोन. सरळ टाकले तर आरशात घुसतात किंवा पार जातात.

आणि हे बघायला लांब जायला नको. आपल्या इंदूरच्या राजा रामन्ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, जुने लोक अजून कॅटच म्हणतात, इंडस-१ आणि इंडस-२ अशी दोन सिंक्रोट्रॉन आहेत. इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने वर्तुळात फिरतात आणि वळताना एक्स-किरण सोडतात, ते किरण प्रयोगाच्या टेबलापर्यंत न्यायला असेच घासून जाणारे आरसे लावतात, हाताएवढे लांब, कारण इतक्या तिरप्या किरणाला आरसाही लांबच लागतो. पेपरात अशा किरणाचा स्तंभिकेपासूनचा कोन विचारला तर तो ८९ अंशांच्या वर येईल, रेघ आधी काढा.